इम्प्रोव्हचा रियाज कसा करायचा: जीभ नंतर, आधी कान

गेली सात वर्षं दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा आम्ही सात-आठ जण पुण्यातल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमतो आणि इम्प्रोव्हची प्रॅक्टिस करतो, आणि या सात वर्षांत आमचे तिकीट लावून झालेले शो हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. हे आधीच सांगते कारण बरेच जण विचारतात की शो नसतील तर प्रॅक्टिस कशाची करता? गाणं शिकणारा रोज पहाटे तानपुरा लावून बसला तर त्याला कोणी असं विचारत नाही, आपण म्हणतो रियाज चाललाय. इम्प्रोव्हलाही रियाज लागतो, आणि तो घरबसल्या, क्लास न लावता, चार मित्रमैत्रिणी जमवून करता येतो, तो कसा ते सगळं इथे लिहायचा प्रयत्न करतेय.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी: इम्प्रोव्ह म्हणजे स्क्रिप्ट नसलेलं नाटक. समोरच्या लोकांकडून एखादा शब्द घ्यायचा, समजा "पाण्याची टाकी", आणि दोघांनी उभं राहून तिथल्या तिथे सीन करायचा. स्टँडअपशी याची गल्लत करू नका, स्टँडअपवाला एकटा असतो आणि त्याचा एकेक शब्द आधी लिहून, घासून-पुसून आलेला असतो. इथे लिहिलेलं काही नसतं आणि तुम्ही एकटेही नसता, आणि या दुसऱ्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे.

मी सुरुवात केली तेव्हा मला वाटायचं की इम्प्रोव्ह म्हणजे हजरजबाबीपणा. पटकन सुचलं पाहिजे, टाळी पडली पाहिजे. पहिल्या वर्षी एका सीनमध्ये माझी मैत्रीण मनगट चोळत म्हणाली, "बाबांचं घड्याळ हरवलं गं माझ्याकडून." आवाज खरंच बारीक झाला होता तिचा. आणि मी लगेच म्हणाले, "बरं झालं, तसंही तू कधी वेळेवर येत नाहीस." खोलीत हशा झाला, आणि तो सीन तिथेच संपला, कारण तिच्याकडे आता बोलायला काही उरलंच नाही, घड्याळ गेलं, बाबा गेले, आणि मनगट चोळणारा तिचा हात तसाच हवेत राहिला. तो हात मला अजून दिसतो. मी तिचं ऐकलं होतं, पण फक्त जोक कुठे मारता येईल हे शोधण्यापुरतं. त्या दिवसापासून आमच्या प्रॅक्टिसची दिशाच बदलली, सुचण्याची प्रॅक्टिस आम्ही जवळपास बंद केली आणि ऐकण्याची सुरू केली.

आता हे खेळ आले कुठून हे थोडक्यात, कारण त्यातून हौशी माणसाला धीर येतो. व्हायोला स्पोलिन नावाची बाई शिकागोमध्ये मुलांबरोबर आणि वेगवेगळ्या देशांतून येऊन राहिलेल्या कुटुंबांबरोबर काम करायची, त्यांना अभिनयावर लेक्चर देऊन उपयोग नव्हता म्हणून तिने खेळ तयार केले, खेळता खेळता अभिनय आपोआप व्हावा असे. 1963 साली त्या खेळांचं पुस्तक आलं. तिचा मुलगा पॉल सिल्स हा 1959 मध्ये शिकागोत सेकंड सिटी हे इम्प्रोव्हचं थिएटर सुरू करणाऱ्यांपैकी एक, जिथून पुढे अमेरिकन विनोदातली कितीतरी मोठी नावं आली. दुसरीकडे कीथ जॉनस्टन लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये स्वतःच्या पद्धतीने हेच शोधत होता, पुढे तो कॅनडात कॅलगरीला गेला आणि 1977 मध्ये त्याने थिएटरस्पोर्ट्स काढलं, म्हणजे दोन टीम, परीक्षक, मार्क, आणि प्रेक्षकांनी मॅचसारखा आरडाओरडा करायचा. मुद्दा हा की स्पोलिनचे खेळ मुळात नटांसाठी नव्हतेच, ज्यांनी कधी स्टेज पाहिलं नाही त्यांच्यासाठी होते. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठीच.

आणि आपल्याकडे हे नवीन आहे असं तर अजिबात समजू नका. सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार बघा. तिथे नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आज कुठलं आख्यान, कोण कुठली भूमिका करणार एवढं ठरतं, नट आपापला चेहरा स्वतः रंगवतात, आणि मग पखवाज, हार्मोनियम, झांज यांच्या साथीने रात्रभर समोरासमोर उभं राहून संवाद तिथेच तयार होतात, पुराणातले दाखले देत, एकमेकांना कोंडीत पकडत. मी पहिल्यांदा लक्ष देऊन बघितलं तेव्हा बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्या नटाकडे बघत बसले. समोरचा पाच-पाच मिनिटं बोलत असतो आणि हा तलवारीवर हात ठेवून एकेक शब्द टिपत असतो, कारण उत्तर त्याच शब्दांतून काढायचंय. तमाशातली बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, तीही त्याच जातीची. तर रक्तात आहे आपल्या हे, फक्त रियाज पाहिजे.

जमवाजमव

सहा ते आठ जण उत्तम, चार चालतात, बारा झाले की दोन गट करा नाहीतर निम्मे लोक नुसते बसून राहतात. जागा कुठलीही, गच्ची, क्लबहाऊस, कोणाचा मोठा हॉल, फक्त जाणारे-येणारे थांबून बघतील अशी नको, सुरुवातीला बाहेरचे डोळे नकोतच. चपला बाहेर, फोन एका पिशवीत. दोन तास पुरेत, त्यापेक्षा जास्त केलं तर शेवटच्या अर्ध्या तासात सगळे जुन्याच युक्त्या वापरायला लागतात. आणि एक नियम पहिल्याच दिवशी बोलून घ्या, लाजू नका: कोणाला कुठे हात लावलेला चालतो, कुठला विषय आज नको. आमच्यात एकीच्या घरी नुकतंच आजारपण झालं होतं, ती आली की सांगायची आज हॉस्पिटल नको, आणि त्या दिवशी कोणीही हॉस्पिटलचा सीन काढायचा नाही, कारण विचारायचं नाही. यामुळे खेळ अडतो असं कोणाला वाटत असेल तर उलट आहे, माणूस निर्धास्त असला की जास्त मोकळा खेळतो.

दर आठवड्याला एक जण बाहेर बसून कोचिंग करेल, पाळीपाळीने. ज्याची पाळी तो खेळणार नाही. बाहेरून बघायला लागल्यावर जेवढं कळतं तेवढं खेळून कळत नाही.

वॉर्मअप

झिप-झॅप-झॉप सगळीकडे खेळतात, गोलात उभं राहून टाळी वाजवत एकमेकांकडे शब्द फेकायचा, पाच मिनिटं करा, अंग गरम होतं, बस. मी त्याऐवजी आता उखाणे घेते. खरंच. गोलात उभं राहायचं, शेजारच्याने खोलीतली कुठलीही वस्तू सांगायची आणि तिच्यावर श्वास घ्यायच्या आत उखाणा. "पंख्याला नाही रेग्युलेटर, लिफ्टला नाही दार, अमक्यारावांचं नाव घेते, आज आहे रविवार." अर्थ लागला नाही तरी चालेल, यमक लागलं पाहिजे आणि थांबायचं नाही. पुरुषांनी पण घ्यायचा. डोक्यातला तो जो चांगलं सुचेपर्यंत तोंड उघडू देत नाही ना, त्याला गप्प बसवायला याच्याइतकं चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. आणि कोणी अडकला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याने दोन्ही हात वर करून वाकून नमस्कार करायचा. चुकल्यावर अंग आक्रसतं, खांदे वर जातात, ती सवय मोडण्यासाठी हे आहे, म्हणून हात खरोखर पूर्ण वर करायचे, कोपरात अर्धे वाकवून नाही.

मग आरसा. हा स्पोलिनचा. दोघं समोरासमोर, एक हालतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. कोच "बदल" म्हणाला की पुढारी बदलतो, थांबायचं नाही, हालचाल तशीच पुढे चालू ठेवायची. तीन-चार बदलांनंतर कोच म्हणतो "आता कोणीच पुढारी नाही", आणि तिथे खरा व्यायाम सुरू होतो, कारण दोघंही एकमेकांच्या मागे जायला बघतात आणि तरी हात हालत राहतात. नवीन माणूस इथे एकच चूक करतो, समोरच्याला फसवायला भराभर हालतो. त्याला सांगा, बघणाऱ्याला कळलं नाही पाहिजे की पुढारी कोण, म्हणजे तुझं काम त्याला पकडायचं नसून त्याला सोपं करून द्यायचं आहे. डोळ्यात बघा, हाताकडे बघू नका, हात कडेने दिसतोच.

वाक्यांच्या भेंड्या

हा आमचा मुख्य खेळ, दर रविवारी असतोच असतो. गाण्याच्या भेंड्या आपण सगळे खेळलोय, इथे अक्षराऐवजी अख्खा शब्द. समोरच्याच्या वाक्याचा जो शेवटचा शब्द, त्याने तुमचं वाक्य सुरू करायचं. "आज परत दूध नासलं." "नासलं नाहीये ते, मी लिंबू पिळलं त्यात." "त्यात काय मजा वाटते तुला?" "तुला पनीर आवडतं म्हणून केलं."

इंग्रजीतही हा खेळ आहे, पण मराठीत तो जास्त कस काढतो, आणि याचं कारण आपल्या भाषेत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याहून शेवटी. "मी काल रात्री तुझ्या आईला फोन करून सगळं सांगितलं…" इथपर्यंत ऐकून तुम्ही उत्तर तयार केलंत, आणि तो पुढे म्हणाला "नव्हतं", की गेलं सगळं. माणूस मराठीत काय म्हणतोय हे त्याचं वाक्य संपेपर्यंत कळत नाही. आणि आपण तर घरी-ऑफिसात एकमेकांची वाक्यं अर्ध्यात तोडण्यात पटाईत. तर हा खेळ पहिल्यांदा खेळताना एक विचित्र शांतता येते, प्रत्येक वाक्यानंतर एक-दीड सेकंद, कारण उत्तर आधी तयार ठेवताच येत नाही. ती शांतता भरून काढू नका. आमच्या गटात एक बँकेत काम करणारे काका आहेत, ते म्हणाले की पंचवीस वर्षं काउंटरवर बसून मी लोकांना उत्तरं दिली, वाक्य संपायची वाट बघणं आत्ता शिकतोय.

सुरुवातीला दहा मिनिटं नुसता खेळ, मग हाच नियम ठेवून सीन. वाक्यं जरा कृत्रिम होतात, होऊ देत. तीन-चार आठवड्यांनी नियम काढून टाका आणि साधा सीन करा, फरक ऐकू येईल.

याच्याच जोडीला एकेका शब्दाची गोष्ट: गोलात प्रत्येकाने एकच शब्द सांगत गोष्ट पुढे न्यायची. मराठीत इथे एक गंमत होते, कोणालाच क्रियापद टाकायची जबाबदारी नको असते, म्हणून "एका… मोठ्या… जुन्या… काळ्या… लाकडी…" अशी विशेषणांची रांग लागते. नियम करा, दोन विशेषणांनंतर नाम आलंच पाहिजे आणि ज्याच्यावर क्रियापद येईल त्याने ते घ्यायचं. गोष्ट पुढे नेणं म्हणजे कोणीतरी क्रियापद उच्चारणं.

हो, आणि

"हो, आणि" हा इम्प्रोव्हचा पहिला धडा म्हणून सगळे सांगतात, आणि बहुतेक लोक तो चुकीचा समजतात म्हणून थोडं थांबते. आधी व्यायाम: दोघांनी ट्रिप ठरवायची. पहिली फेरी, प्रत्येक वाक्य "हो, पण" ने सुरू. दुसरी फेरी, "हो, आणि" ने. पहिल्या फेरीत तुम्ही स्वारगेटच्या बाहेरसुद्धा पडत नाही, दुसऱ्या फेरीत पाच मिनिटांत हरिश्चंद्रगडावर तंबूत पिठलं शिजत असतं.

आता सापळा. आपल्याकडे "पण" शब्द न वापरता "पण" म्हणायचे शंभर प्रकार आहेत. "हो ना, फक्त एवढंच की…", "ते ठीक आहे रे, तरीही…", "बरोबर आहे तुमचं, मात्र…", आणि सगळ्यात चिवट म्हणजे नुसतं "बघू". कोचने हे पकडायचे. आम्ही एकदा वहीत लिहून काढले होते तर दोन पानं भरली.

आणि चुकीचं काय समजतात, तर पात्राने प्रत्येक गोष्टीला होकारच द्यायचा. तसं नाही. होकार खेळाडूने द्यायचा, पात्राने नाही. "आई, मी नोकरी सोडली." याला "काय बोलतोयस, तू तर आठवीत आहेस" म्हटलं तर ती भिंत झाली, त्याने उभं केलेलं जग तुम्ही पाडलंत. "परत? आता बाबांना तूच सांग, मी नाही मध्ये पडणार" हा होकार आहे, आई चिडलीय तरीसुद्धा, कारण नोकरी सुटली हे खरं ठरलं, आणि "परत" या एका शब्दाने आधीची दोन-तीन वर्षं सीनमध्ये आली.

रिकाम्या हातांचा चहा

हा एकट्यानेही करता येतो आणि हा मी कधीच सोडत नाही. इम्प्रोव्हमध्ये सामान नसतं, म्हणून हातांना वस्तू दिसाव्या लागतात. चहा करा, हवेत. आधी घरी खरा करा आणि स्वतःच्या हाताकडे बघा. पातेलं कुठल्या हातात, नळ उघडताना मनगट कसं वळतं, पाणी भरत गेलं तसा खांदा किती खाली येतो. लायटर दाबताना अंगठा लागतो की तळवा. साखरेचा डबा उघडताना झाकण घट्ट आहे का. आलं किसताना शेवटच्या तुकड्याला बोटं कशी मागे सरतात, किसणी लागू नये म्हणून. उतू जायला लागल्यावर सांडशीने पातेलं उचलता तेव्हा मनगट ताठ होतं, आणि गाळताना दुसऱ्या हातातलं गाळणं कपावर अलगद टेकलेलं असतं.

मग तेच सगळं रिकाम्या हातांनी. बघणाऱ्याने फक्त एवढंच सांगायचं: पातेल्याचं वजन भरल्यावर बदललं का? कप ठेवला तिथेच परत सापडला का? नव्याने आलेला प्रत्येक जण कप हवेत सोडून देतो, बोटं उघडलीच जात नाहीत, कप हातातून नाहीसा होतो. वस्तू ठेवताना बोटं उघडायची आणि हात मागे घ्यायचा, एवढी एक गोष्ट जमली तरी सीन खोलीत घडतोय असं वाटायला लागतं. नंतर दुसऱ्याला आत पाठवा, तो तुमच्या ओट्यातून आरपार चालत गेला तर थांबवा, ओटा कुठे आहे हे त्याने बघायला हवं होतं. ऐकण्यात डोळेही आले.

तीन वाक्यं, आणि पत्ते

सीनच्या सुरुवातीला कोण, कुठे, काय नातं हे लवकर कळलं पाहिजे. यासाठी तीन वाक्यांचे सीन, एकामागून एक, अर्ध्या तासात चाळीसेक होतात.

"अहो, माळ्यावरची ती पेटी उतरवता का?"
"त्या पेटीला हात लावायचा नाही असं ठरलंय आपलं."
"वीस वर्षं झाली त्याला."

बस, पुढची जोडी. बघा, "अहो" ने नातं दिलं, माळ्याने घर दिलं, आणि तिसऱ्या वाक्याने वीस वर्षं. मराठीत आपल्याला ही केवढी मोठी देणगी आहे, अरे, अगं, अहो, काय रे, काय गं, बाळा, साहेब, मावशी, दादा, एका हाकेत अर्धं नातं उभं राहतं. पण शिकाऊ माणूस हे वापरतच नाही, तो "हाय" म्हणून येतो. कोचने नियम घालावा, पहिलं वाक्य हाकेने सुरू. आणि मग उलट फेरी, हाकच चुकवा: सासू सुनेला "अहो" म्हणतेय, साहेब शिपायाला "दादा, ऐका ना" म्हणतायत. काहीतरी घडलंय या घरात, या ऑफिसात, हे दोघांनाही लगेच कळतं आणि सीन आपोआप ते शोधायला लागतो.

यातूनच जॉनस्टनचं स्टेटसचं काम येतं. त्याच्या लक्षात आलं होतं की नटांचे सीन खरे वाटत नाहीत, आणि मग त्याने त्यांना सांगितलं की आपला दर्जा समोरच्यापेक्षा फक्त थोडासा वर किंवा थोडासा खाली ठेवा, आणि बोलणं एकदम खऱ्या माणसांसारखं झालं. "थोडासा" हा शब्द महत्त्वाचा. राजा आणि गुलाम कोणीही करेल, पण सोसायटीचा सेक्रेटरी आणि जुना सभासद, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, यात खरी मजा.

व्यायाम: पत्त्यांचा कॅट घ्या, प्रत्येकाने एक पान न बघता कपाळावर धरायचं. एक्का सगळ्यात वर, मग राजा, राणी, गुलाम, असं खाली दुर्रीपर्यंत. प्रसंग लग्नाची पंगत. सगळ्यांनी एकमेकांशी त्या पानाप्रमाणे वागायचं, आणि पाच मिनिटांनी सगळ्यांनी आपण कुठे असू त्या क्रमाने रांगेत उभं राहायचं, मग पान बघायचं. एक्का आणि दुर्री लगेच ओळखतात, गोंधळ असतो तो सत्ती-अठ्ठीत. पहिल्या वेळी आमच्यातल्या एकीला दुर्री आली होती, आणि खेळ संपल्यावर ती म्हणाली की माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, फक्त माझं वाक्य संपायच्या आधी प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो, पंगतीबद्दल कमी आणि आपापल्या घराबद्दल जास्त.

मुळाक्षरांचा सीनही अधूनमधून घ्या, प्रत्येक वाक्य पुढच्या व्यंजनाने. "काय हो, पाणी आलं का?" "खालच्या मजल्यावर आलंय." "गेल्या आठवड्यातही खालीच आलं होतं." "घरात एकच बादली शिल्लक आहे." "चला मग, तीच घेऊन खाली जाऊ." ङ, ञ, ण सोडून द्या. मजेचा आहे, पण यात लक्ष अक्षराकडे जातं आणि माणसाकडून निघतं, म्हणून महिन्यातून एकदा पुरे.

दोन गोष्टींबद्दल माझं मत ठाम आहे. एक, हशा आणण्यासाठी गावाकडची बोली वापरू नका. मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, ज्याची आहे त्याने जरूर बोलावं, त्यात तो सगळ्यात खरा असतो, पण पुण्या-मुंबईच्या माणसाने "काय वं, कुटं चाललाव" करून टाळ्या घेणं म्हणजे पात्र न शोधता आवाजाची नक्कल करणं, आणि समोरच्या पार्टनरला त्यात खेळायला काहीच मिळत नाही. दोन, एकांकिका स्पर्धा केलेले लोक आले की (पुण्यात ते येणारच, 1963 पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे इथे) त्यांचा आवाज, उभं राहणं सगळं तयार असतं, फक्त ते आपल्या वाक्याची वाट बघतात. त्यांना पहिले दोन महिने भेंड्या आणि आरसाच द्या.

सीन झाल्यावर काय बोलायचं

कमी बोलायचं. कोचने आधी "मला काय दिसलं" ते सांगायचं, म्हणजे "तू दाराकडे तीनदा बघितलंस, तिने एकदाही बघितलं नाही", आणि मग एक, फक्त एक सूचना. बाकीच्यांनी गप्प राहायचं. "मी असतो तर असं केलं असतं" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. खेळून आलेल्या माणसाला सात सल्ले मिळाले की पुढच्या सीनमध्ये तो सात गोष्टी आठवत उभा राहतो आणि समोरच्याचं काही ऐकत नाही.

प्रत्येकाने वही ठेवा. तारीख, कुठला व्यायाम, आणि आज दुसऱ्याने केलेली एक गोष्ट जी मला आवडली. स्वतःबद्दल लिहू नका. मी पहिलं वर्ष स्वतःबद्दल लिहीत होते, आज मी फ्लॉप, आज मी बरी, आणि वाचलं की नुसतं वाईट वाटायचं, शिकायला काही मिळायचं नाही. आता पानापानावर दुसऱ्यांचं आहे, अमक्याने कप ठेवताना बोटं उघडली, तमकीने चार सेकंद उत्तर दिलं नाही आणि ते बरोबर होतं.

मधल्या सहा दिवसांत

घरात चालताना वस्तूंकडे बोट करून मोठ्याने चुकीची नावं घ्या, कुकरला हत्ती, पडद्याला सोमवार, हा जॉनस्टनचा व्यायाम, दोन मिनिटांत डोकं सैल होतं. बसमध्ये एक शब्द घ्या, तो कशाची आठवण करून देतो, ती आठवण पुढे कशाची, आणि तिसऱ्या आठवणीवर थांबा: टाकी, मग गच्ची, मग आजीचे वाळवणाचे पापड आणि ते राखायला बसवलेली मी. सीन टाकीवर करायचा नसतो, पापडांवर करायचा असतो. आणि दिवसातून एकदा, कोणाशीही बोलताना, त्यांचं वाक्य पूर्ण संपल्यावर एक श्वास घेऊन मग बोला. घरच्यांच्या लक्षात येतं. माझ्या आईने आठवड्याभराने विचारलं, "तुला बरं नाही का गं?" आणि मग तिने मला अशी एक गोष्ट सांगितली जी मी आजवर ऐकलीच नव्हती.

टिकून राहण्याबद्दल

हौशी हा आपल्याकडे मानाचा शब्द आहे, राज्य नाट्य स्पर्धासुद्धा हौशी नाव लावून चालते. तेव्हा प्रोफेशनल झालो नाही तर वेळ वाया गेला असं डोक्यात आणू नका. साधारण दुसऱ्या वर्षी एक पठार येतं, पहिल्या सहा महिन्यांतली धमाल ओसरलेली असते, आपण कुठे चुकतो ते कळत असतं आणि दुरुस्त होत नसतं, आणि याच काळात बहुतेक लोक सोडतात. त्या वेळी नवीन खेळ शोधत बसू नका, तोच एक खेळ तीन महिने करा. आम्ही त्या वर्षी जून ते ऑगस्ट जवळजवळ फक्त भेंड्या केल्या. कंटाळा आला, भांडणंही झाली, दोन जण गेले. सप्टेंबरात परत साधे सीन सुरू केले तेव्हा कोणीच कोणाला तोडत नव्हतं, आणि हे ठरवून कोणी करत नव्हतं.

हजेरीचा नियम मात्र कडक ठेवा, येणार नसाल तर शनिवारी रात्री नऊच्या आत कळवायचं. आणि कितीही कमी लोक आले तरी रद्द करायचं नाही. मागच्या जुलैत एका रविवारी एवढा पाऊस होता की मी आणि ती घड्याळवाली मैत्रीण, दोघीच पोचलो. भिजलेल्या छत्र्या दारात उघड्या ठेवल्या, आरसा केला, अर्धा तास भेंड्या केल्या, मग एकच लांब सीन करायचा ठरवलं, वीस मिनिटांचा, शब्द द्यायला कोणी नव्हतं म्हणून बाहेर बघून "पाऊस" घेतला. तिने सुरुवात केली, खिडकी लावली, बोटं उघडून कडी सोडली, आणि म्हणाली, "ताई, बाबांचं घड्याळ सापडलं." मी तिचं वाक्य संपू दिलं, एक श्वास घेतला, आणि विचारलं, "चालू आहे?"